भिंत तुम्ही मांडा, शौचालय ते मांडतील

ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीत पंच आहे. २०२२ मध्ये आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. आमच्या तिठ्यावर रोज पंधरा-वीस बायका गावठी भाजी, फुलं, मासळी घेऊन बसतात. त्यांच्यासाठी शौचालय बांधावं असं मी बैठकीत मांडलं. बाकीच्यांना मैदानावर फ्लडलाइट हवेत. सरपंच म्हणाले, "वयनी, तुम्ही आता गावाच्या पंच. नुसतं बायका-बायका करू नका." घरी आले तर महिला मंडळाच्या बायका म्हणतात, आमच्या मतांवर निवडून आलीस आणि आमचा हॉल अजून होत नाही. गावडेवाड्यावरच्या बायका तर माझ्याशी फारसं बोलतच नाहीत, त्यांच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आमच्यात एक मुसलमान पंच आहेत. त्यांच्या कब्रस्तानाची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळली. मी विचारलं, तुम्ही हा विषय घेत का नाही? म्हणाले, "बाय, मी बोललो की म्हणणार, आपल्याच माणसांचं बघतो." तेव्हापासून वाटतंय, सरपंचांचंच बरोबर असेल. आपण ज्यांच्यातून आलो त्यांचं बघायचं की सगळ्यांचं?

— एक पंच

पंचबाई, नमस्कार.

आधी तुमच्या सरपंचांना एक विचारून या. संध्याकाळी सातनंतर त्या मैदानावर कोण खेळणार आहे? गावातल्या म्हाताऱ्या? दहावीच्या मुली? खेळणार ते पंधरा ते तीस वयाचे मुलगे. जरूर खेळावं त्यांनी. माझा फुटबॉलशी वाद नाही, आणि गोव्यात राहून तसा वाद घालायची माझी छातीही नाही. पण मैदानावरच्या दिव्यांना 'गावाचा विकास' म्हणायचं आणि तिठ्यावरच्या शौचालयाला 'बायका-बायका', हा हिशेब कुठला? दोन्ही कामं गावातल्या एकेका गटाची आहेत. एका गटाचं नाव तोंडावर फेकलं जातं, दुसऱ्याचं नाव घ्यायची कोणाला गरज वाटत नाही, कारण टेबलाभोवती बसलेले बहुतेक त्याच गटातले.

डिचोलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०१२ च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि धंदा पुन्हा ठप्प झाला. त्या सगळ्या वर्षांत आपल्या भागातले पुढारी पक्षबिक्ष विसरून ट्रकवाल्यांसाठी, बार्जवाल्यांसाठी बोलले. कर्जात सवलत मागितली, आर्थिक मदत मागितली, मोर्चे नेले. त्याला माझी हरकत नाही, घराघरांतले हप्ते थकले होते. पण त्याला कोणी 'ट्रकवाल्यांचं राजकारण' म्हटलं का? म्हटलं, गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न. आणि खाणी जोरात असताना ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या शेतात पावसाळ्यात लाल गाळ उतरला, त्या बायका तक्रार घेऊन गेल्या की तो 'वाड्यावरचा प्रश्न' व्हायचा. ट्रक बहुधा पुरुषाच्या नावावर आणि घागर बाईच्या कमरेवर, बाकी फरक मला तरी दिसत नाही.

तेव्हा बायकांचं तुम्ही बोलायचंच. तुम्ही बाई आहात म्हणून ते तुमच्यावर कर्ज आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या खोलीत बाकी कोणाला ठाऊक नसलेलं काही तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते पोटात ठेवून घरी जाणं हे पंचपणाचं काम नव्हे. आठवड्याच्या बाजारात मी एका बाईकडून तांबडी भाजी आणि अळसांदे घेते. पहाटेच्या बसने येते, दुपार टळेपर्यंत बसते. उन्हाळ्यात एकदा तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तिने ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. म्हणाली, "घरी जाईपर्यंत नको." का नको ते मला विचारावं लागलं नाही. तुम्हालाही लागलं नसतं. तुमच्या सरपंचांना मात्र हा प्रश्नच सुचला नसता. माणूस वाईट आहे असं नाही, त्यांना तहान मारून कधी बसावं लागलेलं नाही.

हे माझं मनचं नाही. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, या दोन जिल्ह्यांतल्या मिळून २६५ पंचायती राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी तपासल्या होत्या. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. (डुफ्लोबाईंना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) प्रमुखपद कुठे राखीव आणि कुठे खुलं हे गावाच्या इच्छेवर नव्हतं, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता आली. जिथे प्रमुख बाई होती तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, दोन्ही जिल्ह्यांत. रस्त्यांची गंमत वेगळी. बीरभूममध्ये बायकांनी रस्तेही जास्त केले, उदयपूरमध्ये उलट कमी केले. कारण बंगालात रस्त्याच्या कामावर बायकांना मजुरी मिळायची, म्हणून रस्ता ही त्यांचीही मागणी होती. राजस्थानात रस्त्याची ओरड असायची ती कामासाठी बाहेर जाणाऱ्या पुरुषांची. तेव्हा बायकांचं हित नावाची छापील यादी कुठल्या खात्यात मिळत नाही. त्या त्या गावच्या बायकांना विचारावं लागतं.

आणि इथेच मला तुमची बाजू लंगडी वाटते, पंचबाई. तुमच्याच पत्रात तीन तऱ्हेच्या बायका आहेत. तिठ्यावर बसणाऱ्या, हॉल मागणाऱ्या, आणि तुमच्याशी न बोलणाऱ्या. तुम्ही तिघींना एकाच गाठोड्यात बांधलंत. हॉल मागणाऱ्यांच्या घरात दोन-दोन संडास असतील, नळाला टाकी असेल. त्यांचा हट्ट खोटा आहे असं नाही, एकत्र बसायला जागा बायकांनाही हवीच. पण त्या 'आम्ही बायका' म्हणतात तेव्हा गावडेवाड्यावरची बाई त्या 'आम्ही'त असते का? हळदीकुंकवाला तिला बोलावणं जातं का? गावातल्या विधवांना जातं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांची कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. त्या वेळी हेरवाडचा सरपंच पुरुष होता. उलट कितीतरी महिला मंडळांचा वर्षाचा मोठा कार्यक्रम अजून सवाष्णींपुरताच आहे. हॉल थांबू द्या. त्या रागावतील, रागावू द्यात.

गावडेवाड्यावर मात्र उद्याच जा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळायला २००३ उजाडलं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या १,४९,२७५ निघाली, म्हणजे दहातला एक गोंयकार. तरी चाळीस जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. त्यासाठीचा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५ यावं लागलं. इतकी वर्षं ज्यांना 'तुमचं आम्ही बघतो' असं सांगितलं गेलं, त्यांनी तुमच्यासारख्या नव्या पंचावर चटकन विश्वास ठेवावा तरी कशाला? तिथे जाऊन भाषण करू नका. नळाचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, कोण भरतं, ते वहीत लिहून आणा.

आता ताईंचं सांगते. शशिकला काकोडकर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची लेक. १९७३ मध्ये भाऊ गेले आणि त्या मुख्यमंत्री झाल्या, १९७९ पर्यंत राहिल्या. त्यांच्याआधी नाही आणि त्यांच्यानंतरही गोव्याला बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. ताईंनी बायकांसाठी काय केलं, असं लोक विचारतात. मी त्यांच्यासमोर दोन कायदे ठेवते. १९७५ चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन करणारी. दोन्हींत 'महिला' हा शब्द मथळ्यात नाही. पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मनात आलं की घर सोडा म्हणायचं, ती टांगती तलवार मुंडकाराच्या घरावरून उतरली तेव्हा सगळ्यात आधी झोप कोणाला लागली असेल? त्या घरातच ती दिवसभर असायची. सगळ्या गोव्याच्या कुळांसाठी केलेलं काम बायकांच्याही पदरात पडलं. भाटकारणीला मात्र तो कायदा गोड लागला नसणार, आणि तीही बाईच. ताईंनी बाजू निवडली होती. तुम्हालाही निवडावी लागेल, फक्त कोणाची निवडली ते उघड सांगा.

'आमच्या मतांवर निवडून आलीस' हे मंडळाचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. वॉर्ड राखीव होता तो उमेदवारीपुरता. मतं पुरुषांनीही दिली. ही रचना आपल्याकडे जाणूनबुजून केलेली आहे. १९३२ च्या पुणे करारात दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ सोडून दिले गेले आणि जागा राखीव, मतदान सगळ्यांचं, असं ठरलं. आपल्या पेडण्याची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण तिथे मत सगळे देतात. अशा जागेवरून येणाऱ्याला आपल्या माणसांइतकंच बाकीच्यांचंही मन राखावं लागतं, ही तक्रार बाबासाहेबांनीच पुढे मांडली. तुमचा मुसलमान सहकारी ज्या अडचणीत आहे ती नेमकी हीच. तो राखीव जागेवरचा नसला तरी निवडून यायला त्याला सगळ्या वॉर्डाची मर्जी लागते.

संविधान सभेत पंधरा बायका होत्या. त्यांतल्या रेणुका राय यांनी बायकांना राखीव जागा नकोत म्हणून सांगितलं. बेगम एजाज रसूल यांनी मुसलमानांना राखीव जागा नकोत म्हटलं; अशाने अल्पसंख्य कायमचे वेगळे पडतील, असं त्यांचं म्हणणं. दोघींबद्दल मला आदर आहे. पण बहुसंख्यांच्या मोठ्या मनावर दोघींनी जरा जास्तच भरवसा टाकला. २०२४ च्या लोकसभेत ५४३ मध्ये ७४ बायका निवडून आल्या. आपल्याकडे २०२२ मध्ये चाळिसात तीन, आणि तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले. त्या तिघींच्या कामाबद्दल मी इथे काही बोलत नाही. पण ज्या बाईच्या घरात आधीपासून राजकारण नाही तिला तिकीट कोण देतो, हे त्यातून कळतं. तुमच्यासारख्या बाईला राखीव वॉर्ड मिळाला नसता तर तुम्ही आज मला हे पत्र लिहिलं असतंत का? आणि २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेतही एक तृतीयांश जागा बायकांना ठेवल्या आहेत. त्यांचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला. चाळिसात तेरा-चौदा होतात. त्या जागा येतील तेव्हा त्यांवर बसणाऱ्यांनाही कोणीतरी 'वयनी' म्हणून हाच उपदेश करणार आहे.

आता कब्रस्तानाची भिंत. पात्रांव, मला विचाराल तर तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा विषय हा आहे, आणि तुम्ही तो शेवटी घातलात. (पात्रांव म्हटलं म्हणून रागावू नका, पंचायतीत बसणाऱ्याला आमच्या वाड्यावर असंच म्हणतात.) शौचालय मांडलंत म्हणून तुम्हाला टोमणा मिळाला. भिंत मांडली तर त्या माणसाला टोमण्यावर भागेल याची खात्री त्याला नाही. बाईला 'बायका-बायका करू नका' म्हणतात ते हसत. त्याला जे म्हणतील ते हसत म्हणणार नाहीत. म्हणून तो गप्प बसतो, आणि भिंत पडलेलीच राहते. दोन पावसाळे. आत गुरं शिरत असतील.

ही भिंत तुम्ही मांडा. अर्ज त्यांच्या वाड्यावरच्या लोकांकडून येऊ द्या, ठरावाच्या सूचक तुम्ही व्हा. आणि शौचालयाच्या ठरावाला सूचक ते होऊ देत. तिठ्यावर बसणाऱ्यांत त्यांच्याही वाड्यावरच्या बायका असतीलच. ज्याला त्या कामात स्वतःचा लाभ आहे असं म्हणता येत नाही, तो बोलला की 'आपल्याच माणसांचं बघतो' हे वाक्य कोणाला उच्चारता येत नाही. सरपंच तुम्हाला काय म्हणणार, मुसलमान-मुसलमान करू नका?

गोव्याला हे नवं नाही. १९६७ च्या जानेवारीत गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा यावर जनमत कौल झाला तेव्हा विलीनीकरणाविरुद्धची मोठी आघाडी डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने उघडली. पक्षाचा भर कॅथलिक मतांवर. आपल्या समाजाची भीती ते बोलून दाखवत होते आणि त्यात गैर काही नव्हतं. पण नुसत्या त्या मतांवर कौल जिंकता येणारा नव्हता. मडगावहून निघणाऱ्या 'राष्ट्रमत'ने तीच बाजू मराठीतून हिंदू घरांत नेली. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. माझे वडील त्या दुसऱ्या आकड्यातले, मरेपर्यंत 'राष्ट्रमत'वर दात खाऊन होते, तो भाग वेगळा. पण निकाल कसा लागला हे त्यांनाही कळलं होतं.

यात एक खोच आहे. तुम्ही भिंत मांडलीत म्हणून त्या पंचाने कायम तोंड मिटून बसावं असं होता कामा नये. भिंत किती फूट पडली, दफनाच्या वेळी पाणी कुठून आणावं लागतं, वाट कोणाच्या भाटातून जाते, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते त्यानेच सांगायला हवं, तेही बैठकीत, सचिव लिहून घेत असताना. तुमच्या बाजूचंही तसंच. शौचालयाचं तपशिलात तुम्ही बोलायचं, त्यांनी नव्हे. दुसऱ्याने आपली बाजू घेतली की आपण सुटलो, ही सवय लागली की पुढच्या खेपेला वॉर्ड खुला होतो, तुमच्या जागी कोणाचा तरी भाऊ येतो, आणि त्या खोलीत सांगणारं कोणी उरत नाही.

व्यवहाराचं थोडं. पैसे कुठल्या खात्यातले आहेत ते सचिवांना लेखी विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पिण्याचं पाणी यांनाच बांधून ठेवली होती. तुमच्याकडचा निधी तशा बांधीलकीचा असेल तर त्यातून फ्लडलाइट होतच नाहीत, आणि शौचालय व गावडेवाड्याचा नळ दोन्ही बसतात. मग सरपंचांशी तत्त्वाचा वाद घालायचंही कारण उरत नाही. निधी मोकळा असेल तर भांडा.

विषय अजेंड्यावर छापून घ्या. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात गेलेलं काम आयत्या वेळीच मरतं. ग्रामसभा रविवारी सकाळी असते, म्हणजे घरात मासळी शिजायची वेळ आणि ख्रिस्ती घरांत मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. तिठ्यावरच्या बायकांचा तर तो धंद्याचा दिवस. त्यांना 'या हं' म्हणून सांगितलं तर येणार नाहीत. दोघींना आधी ठरवून आणा, बाकीच्यांचं सामान तासभर कोण राखणार ते बघा, आणि त्यांनाच बोलू द्या. तुमचे यजमान बैठकीला येऊन मागच्या खुर्चीत बसतात का, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बसत असतील तर त्यांना मैदानावर पाठवा.

आणि ठराव मंजूर झाला तर अंदाजपत्रक वाचल्याशिवाय सही करू नका. पाण्याची टाकी, आतून लागणारी कडी, रात्रीचा दिवा आणि झाडणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार या चार ओळी त्यात हव्यात. किल्ली पंचायतीच्या कपाटात राहणार असेल तर पंचायत उघडते दहाला आणि तिठ्यावरच्या बायका येतात सहाला. किल्ली त्यांच्यातल्याच एकीकडे ठेवायची, असं ठरावात लिहून घ्या.